८० वॅटचा रिसीव्हर आणि १५० वॅटचे स्पीकर: जुळतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉल १२ बाय १७ फुटांचा, सोफा पुढच्या स्पीकरपासून १० फुटांवर. ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकरना ताकद आणि बेसच्या एका सबवूफरला सिग्नल देणारं यंत्र) घेतला आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४० वॅट, पण माहितीपुस्तिकेत ८० वॅट. पुढचे दोन आणि सेंटर हे नवे बुकशेल्फ वर्गातले स्पीकर: ६ ओहम (विजेला होणारा अडथळा, आकडा कमी तितका करंट जास्त), सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते) ८६ डीबी, कमाल १५० वॅट. सबवूफर १० इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला. सराउंडसाठी, म्हणजे मागच्या आवाजासाठी, जुन्या 'सगळं एकाच खोक्यात' प्रकारच्या होम थिएटर सेटचे छोटे स्पीकर, मागे ३ ओहम छापलेले. दुकानदार म्हणतो, १५० वॅटच्या स्पीकरला १५० वॅटचाच रिसीव्हर हवा, नाहीतर स्पीकर जळतील. रिसीव्हर बदलायचा का?

नाही. रिसीव्हर आहे तोच ठेवा. पुढच्या तीन स्पीकरना काही होणार नाही. या यादीत खरी अडचण ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही त्या मागच्या दोन स्पीकरची आहे, आणि ती वॅटची नसून ओहमची आहे. त्यावर पुढे येतोच.

आधी १४० आणि ८० चा घोळ. दोन्ही आकडे एकाच यंत्राचे आहेत, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी. पुस्तिकेत नीट वाचलंत तर ८० च्या शेजारी लिहिलेलं असेल: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) ०.०८ टक्के वगैरे, दोन चॅनेल (एकेका स्पीकरची वाट) चालू. १४० च्या शेजारी: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १० टक्के, एकच चॅनेल चालू. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज उघड उघड फाटलेला असतो. तिथवर ढकलून मोजलेला आकडा खोक्यावर छापायला चांगला दिसतो, एवढंच. पूर्वी टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ'चं स्टिकर असायचं, त्याच घराण्यातला हा प्रकार, जरा सुशिक्षित. दोन रिसीव्हरची तुलना करायची तर दोन्हीकडचा '८ ओहम, पूर्ण पट्टा, दोन चॅनेल' हाच आकडा धरायचा. पाचही चॅनेल एकदम पूर्ण जोरात चालवले तर पॉवर सप्लाय एकच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ८० पेक्षा बरंच कमी येतं. पण सिनेमात पाचही चॅनेल एकाच क्षणी शिगेला जाणं फार क्वचित घडतं, त्यामुळे त्याची काळजी नको.

मागच्या पट्टीवर 'वीज वापर अमुक वॅट' असतं, त्यावरून हिशोब मांडणारेही असतात. तो आकडा बहुतेक वेळा यंत्र अंशतः लोडवर चालवून मोजलेला असतो, म्हणून त्यातून प्रत्येक चॅनेलचे वॅट निघत नाहीत. त्यापेक्षा रिसीव्हर उचलून बघा. ८ किलोचा आणि १४ किलोचा यांत जो फरक जाणवतो तो मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांचा) असतो, आणि अवघड स्पीकर चालवताना तोच कामाला येतो.

आता स्पीकरवरच्या १५० चा अर्थ. स्पीकर वॅट 'मागत' नाही. १५० ही त्याच्या सहनशक्तीची मर्यादा आहे, भूक नव्हे. पाण्याच्या पाइपवर कमाल दाब लिहिलेला असतो म्हणून नळाला तेवढा दाब द्यावाच लागतो असं नाही, तसंच हे. स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे त्याच्या सेन्सिटिव्हिटीवर, तुम्ही किती लांब बसता त्यावर, आणि मग शेवटी वॅटवर ठरतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. ८६ डीबी म्हणजे २.८३ व्होल्ट दिले असता १ मीटरवर ८६ डीबी आवाज. (२.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर बरोबर १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरवर तेच व्होल्ट २ वॅट होतात, म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा ३ डीबीने फुगलेला असतो. कॅटलॉग वाचताना हे डोक्यात ठेवा.) तुमचा रिसीव्हर ८ ओहमवर ८० वॅट, म्हणजे साधारण २५.३ व्होल्ट देतो. २.८३ पासून २५.३ पर्यंत १९ डीबी होतात. तर १ मीटरवर ८६ अधिक १९, १०५ डीबी. सोफा ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराने साडेनऊ डीबी घटले असते. बंद खोलीत भिंती, छत, फरशी थोडा आवाज परत देतात, म्हणून साडेसहा धरा. सोफ्यावर एका स्पीकरचा जास्तीत जास्त आवाज सुमारे ९८ डीबी.

हे पुरेसं आहे का? सिनेमाच्या मिक्सिंगचा जो संदर्भ आवाज ठरलेला आहे, त्यात मुख्य चॅनेलची शिखरं बसल्या जागी १०५ डीबी असतात. कॅलिब्रेशन (मायक्रोफोन लावून स्पीकरचे आवाज जुळवणं) नीट केलेल्या रिसीव्हरवर व्हॉल्यूमचा ० डीबी म्हणजे तो संदर्भ आवाज. काही कंपन्यांचे रिसीव्हर ० ते ९८ असा आकडा दाखवतात, तिथे ८० म्हणजे ० डीबी. तिथवर पोचायला तुम्हाला साडेसहा डीबी, म्हणजे साडेचार पट, सुमारे ३६० वॅट लागतील. पण शेजारी, वरचे-खालचे आणि घरातली आजी धरून फ्लॅटमध्ये ० डीबीवर सिनेमा बघणारा माणूस विरळा. उणे १० वर शिखरं ९५ डीबीची, त्याला लागतात ३६ वॅट. उणे १५ वर ११ वॅट. उणे २० वर, जिथे बहुतेक घरांत रात्रीचा सिनेमा चालतो आणि संवाद साधारण गप्पांच्या पट्टीत ऐकू येतात, तिथे शिखरालासुद्धा साडेतीन-चार वॅट. तुमचे स्पीकर ६ ओहमचे, म्हणून प्रत्यक्ष वॅट याच्या एक तृतीयांशाने जास्त धरा. निष्कर्ष बदलत नाही.

आता दुकानदाराचा १५० वॅटचा रिसीव्हर घेतला तर काय मिळेल? ८० वरून १५० म्हणजे २.७ डीबी. वॅट दुप्पट झाले तरी वाढ फक्त ३ डीबीची. कानाला 'थोडा मोठा' इतपतच. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डीबी, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेच पैसे ८६ ऐवजी ९१ डीबीच्या स्पीकरवर घातले असते, तर ५ डीबी मिळाले असते, जणू रिसीव्हर ८० चा २५० वॅटचा झाला. त्यामुळे स्पीकर अजून घ्यायचे असतील त्यांना सांगणं एवढंच: खोक्यावरचे वॅट नंतर बघा, आधी सेन्सिटिव्हिटी आणि ओहम बघा.

'कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतो' हे वाक्य बाजारात इतक्या वेळा ऐकू येतं की त्यात काहीतरी खरं असणारच. आहे, पण अर्धं. ८० वॅटचा अ‍ॅम्प सुमारे ३६ व्होल्टच्या शिखरापर्यंत लाट देऊ शकतो. नॉब त्यापुढे फिरवला की लाटेची टोकं वर जाऊ शकत नाहीत, कापली जातात, सपाट होतात. हेच क्लिपिंग. पण टोकं थांबली तरी मधला, हळू असलेला भाग वाढतच राहतो. म्हणजे सरासरी शक्ती चढत जाते. लाट पार चौकोनी झाली तर तोच अ‍ॅम्प १६० वॅटपर्यंत ओततो. '१५० वॅट'च्या स्पीकरमधला बोटभर ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा पडदा) सतत मोजके काही वॅटच पचवू शकतो. १५० चा आकडा संगीतात वरच्या पट्टीत शक्ती कमी असते हे गृहीत धरून दिलेला असतो. ते गृहीतक मोडलं की आधी ट्वीटरची कॉईल जाते. दोष कमी वॅटचा नसून फाटलेल्या आवाजावर नॉब पुढे रेटणाऱ्या हाताचा. ३०० वॅटचा अ‍ॅम्पही बेफाम चालवला तर स्पीकर जाळतोच, फक्त त्यात बहुधा वूफरही (खालच्या पट्टीचा मोठा पडदा) जातो.

फाटायला लागलं हे ओळखायचं कसं? संवादांतले स आणि श चिरकायला लागतात, झांजेचा आवाज पत्रा हलवल्यासारखा होतो, आणि व्हॉल्यूम वाढवूनही आवाज मोठा न होता नुसता त्रासदायक होतो. तिथून ४-५ डीबी मागे या. रिसीव्हरच्या सेटअपमध्ये कमाल व्हॉल्यूमची मर्यादा घालता येते; ती उणे १० वर बांधून टाका. घरात पाहुण्यांची मुलं येतात, रिमोट त्यांच्या हाती लागतो, तेव्हा ही एक सेटिंग ट्वीटरचे पैसे वाचवते.

आता मागचे स्पीकर. ३ ओहम. तुमच्या रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या स्क्रूंजवळ '६ ते १६ ओहम' असं छापलेलं असेल. तेच २५ व्होल्ट ६ ओहमवर ४.२ अँपिअर ओढतात, ३ ओहमवर ८.४. जुन्या सेटचा अ‍ॅम्प त्या स्पीकरसाठीच बनवलेला होता, कमी व्होल्ट आणि जास्त करंट अशा हिशोबाने. रिसीव्हरचं गणित वेगळं. हळू आवाजात काही दिवस सगळं छान चालेल. मग एखाद्या मारामारीच्या प्रसंगात रिसीव्हर 'टक्' करून बंद होईल, लाल दिवा लुकलुकेल, आणि तुम्हाला वाटेल रिसीव्हरच खराब निघाला.

त्या सेटमध्ये असे चार-पाच छोटे स्पीकर असतीलच. प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये जोडा, ३ आणि ३ मिळून ६ ओहम. आधी सगळ्यांच्या मागे ३ ओहमच लिहिलंय ना ते तपासा, कधी सेंटरचा वेगळा असतो. जोडणी अशी: रिसीव्हरचा लाल पहिल्या स्पीकरच्या लालला, पहिल्याचा काळा दुसऱ्याच्या लालला, दुसऱ्याचा काळा रिसीव्हरच्या काळ्याला. दोन्ही एकावर एक, चिकटून ठेवा. आवाज एका स्पीकरइतकाच येईल, करंट निम्मा होईल. या स्पीकरच्या वायरींना कंपनीचे रंगीत प्लग असतात. ते कापून, टोकं सोलून घ्यावी लागतील. कापण्यापूर्वी कोणती तार अधिक ते खूण करून ठेवा, पुष्कळदा एका तारेवर पट्टा असतो. सराउंडचा क्रॉसओव्हर (ज्याखालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा) १५० हर्ट्झवर ठेवा, या तीन इंची पडद्यांकडून त्याखाली काही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. आणि त्याच सेटचा जुना सबवूफर 'दुसरा सब' म्हणून लावायचा मोह होईल, तो आवरा: त्यात अ‍ॅम्प नसतो, आणि रिसीव्हरच्या सब आउटमधून नुसता सिग्नल निघतो, ताकद नाही.

सिरीजच्या उलट, एकाच चॅनेलवर दोन स्पीकर समांतर (दोन्ही थेट त्याच दोन स्क्रूंना) जोडू नका. ६ आणि ६ समांतर म्हणजे ३. पुन्हा तिथेच आलो.

रिसीव्हरमध्ये '८ ओहम / ६ ओहम' किंवा '४ ओहम' अशी एक सेटिंग सापडेल. नाव ऐकून वाटतं की स्पीकर ६ चे तर ती ६ वर टाकावी. बहुतेक रिसीव्हरमध्ये ती सेटिंग आतले व्होल्ट कमी करते, म्हणजे यंत्र गरम कमी होतं पण क्लिपिंग लवकर येतं. ६ ओहमचे स्पीकर फ्लॅटच्या आवाजात वाजवणाऱ्याने ती ८ वरच ठेवावी असं माझं मत. ४ ओहमचे स्पीकर तासन्‌तास जोरात वाजवायचे असतील तर सेटिंगने भागत नाही, रिसीव्हरच वेगळा लागतो. इको मोड मात्र बंद करा, तोही तेच करतो.

रिसीव्हरचा भार सगळ्यात जास्त हलका होतो तो सबवूफरमुळे, आणि तोच फायदा लोक हातचा घालवतात. मायक्रोफोन लावून ऑटो कॅलिब्रेशन केलं की रिसीव्हर पुष्कळदा बुकशेल्फ स्पीकरनाही 'लार्ज' किंवा 'फुल' ठरवतो. मग ४० हर्ट्झचा गडगडाट त्याच ८० वॅटमधून, पाच इंची वूफरवर जातो. कॅलिब्रेशन झाल्यावर मेनूत जाऊन पुढचे तिन्ही हाताने 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. रिसीव्हरने स्वतः १०० सांगितलं असेल तर १००च राहू द्या. त्याने मोजलेल्यापेक्षा वर नेलं तर चालतं, खाली आणायचं नाही. खालचा सगळा बेस सबच्या स्वतःच्या अ‍ॅम्पवर गेला की रिसीव्हरला श्वास घ्यायला जागा मिळते. सबचा नॉब सुरुवातीला घड्याळातल्या ११ च्या जागी, त्यावरचा क्रॉसओव्हर पूर्ण उघडा, म्हणजे सगळ्यात वरच्या आकड्यावर. कॅलिब्रेशननंतर सबची लेव्हल उणे १२ दाखवत असेल तर तो मर्यादेला टेकलाय. सबचा नॉब कमी करून पुन्हा मोजा. उणे ५ च्या आसपास आला की थांबा.

वायरीचं फार मोठं शास्त्र नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात चौरस मिलिमीटरवर मिळते तीच भाषा वापरा. पुढच्या स्पीकरला ५ मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर पुरे. मागच्यांना छताच्या कडेने फिरवून १० मीटर लागत असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं होतं. दीडमध्ये त्याचा रोध ०.२३ ओहम, अडीचमध्ये ०.१४. ६ ओहमच्या पुढे दोन्ही चालतील, अडीच घेतलीत तर पुढे स्पीकर बदलले तरी चिंता नाही. वायर शुद्ध तांब्याचीच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात तपकीर गल्ली, स्वस्त स्पीकर वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. टोक सोलून एक तार चाकूने खरवडा. आत पांढरट निघालं तर घेऊ नका. ती मऊ असते, स्क्रूखाली हळूहळू दबते आणि सहा महिन्यांनी जोड सैल होतो.

टोकं सोलताना १० ते १२ मिलिमीटरच, आणि पीळ घट्ट घाला. स्पीकर वायरीत केसासारख्या बारीक तारा असतात. त्यातली एक सुटी राहून शेजारच्या स्क्रूला टेकली की शॉर्ट. रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवण्यासाठी बंद) जाण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवून स्क्रूच्या भोकात खोचायचे) लावले की हा प्रश्न मिटतो.

जागेचंही बघा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, अशा थाटात रिसीव्हर ठेवला तर वॅटचा सगळा हिशोब वाया. वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा, मागची फळी कापलेली. तासाभराच्या सिनेमानंतर वरच्या जाळीवर हात पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. येत नसेल तर कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवा. सावकाश फिरतो, ऐकू येत नाही, तेवढी हवा पुरते. फक्त चालू होतो ना ते आधी बघा, काही पंखे ५ व्होल्टवर उचलत नाहीत.

एक बाजूची गोष्ट. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून रिसीव्हर येणार असेल तर मागची पट्टी आधी फोटोत मागवा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच असेल तर इथल्या २३० वर थेट लावला की फ्यूज तरी जाईल नाहीतर आणखी काही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. ६० साठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त गरम होतो आणि गुणगुणतो. '५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तरच विचार करा.

सगळं जोडून झालं आणि तरी रिसीव्हर बंद पडलाच, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्लग काढा, सगळ्या स्पीकर वायरी रिसीव्हरच्या टोकाला सोडवा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग मोकळाच चालू करा. तरीही बंद झाला तर बिघाड आत आहे, सर्व्हिसवाल्याकडे जा. चालू राहिला तर दर वेळी बंद करून एकेक जोडी लावत जा. जिथे अडेल ती वायर किंवा तो स्पीकर दोषी. मल्टीमीटर असेल तर वायर रिसीव्हरकडून सोडवून तिच्या दोन टोकांवर ओहम मोजा. ६ ओहमचा स्पीकर साधारण साडेचार ते साडेपाच दाखवतो, ८ चा साडेपाच ते सात, तुमची ३ आणि ३ ची जोडी पाच-साडेपाच. १ च्या खाली आलं तर कुठेतरी शॉर्ट, आकडाच आला नाही तर तार तुटलेली. मात्र मीटर बरोबर दाखवतोय म्हणून ट्वीटर जिवंत आहे असं समजू नका. तो कपॅसिटरच्या मागे बसलेला असतो, मीटरला फक्त वूफरची कॉईल दिसते. ट्वीटरसाठी हळू आवाजात गाणं लावा, वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक ट्वीटरवर आणि दुसरं कानाला धरा. टाळ किंवा झांजेचा किणकिणाट तिथून आला पाहिजे, नुसता घुमा आवाज नव्हे.